ड्युटी लिस्ट कोण लिहितं?

रुग्णालयात काम करणाऱ्यांचं मन सांभाळायचं असेल तर आधी ड्युटी लिस्टकडे बघा, असं मी नोकरीत असताना म्हणायचे आणि निवृत्त झाल्यावरही म्हणते. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, योगशिक्षक या सगळ्यांची गरज आहे. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. पण ते येतात तेव्हा माणूस थकून बसलेला असतो. कोण किती झोपणार, मुलाच्या परीक्षेच्या दिवशी कोण घरी असणार, जळीत कक्षात कोण किती दिवस काढणार आणि रात्री भरलेल्या वॉर्डात किती जणी उभ्या असणार, हे मात्र ड्युटी लिस्ट दर आठवड्याला ठरवत असते.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी परिसेविका होते. बाहेरच्या माणसाला हे हुद्दे ठाऊक नसतात, म्हणून सांगते. वॉर्डात पेशंटजवळ काम करते ती अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर ती परिसेविका आणि सगळ्या वॉर्डांवर देखरेख करणारी ती अधिसेविका, म्हणजे मेट्रन. वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात, आयाबाईंना मावशी. लिस्ट लिहायचं काम परिसेविकेचं असतं आणि तिच्यावर सही मेट्रन मॅडमची.

लिस्ट म्हणजे एक आडवा, रेघा मारलेला कागद. डावीकडे नावं, वर तारखा, चौकोनांत एम, ई, एन. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. ऑफ लाल शाईनं. शनिवारी लिस्ट लागली की सगळ्या जणी मोबाइलवर तिचा फोटो काढून घरी पाठवतात. नवऱ्याची पाळी, सासूबाईंचं डायलिसिस, मुलांची शाळेची रिक्षा, गावाकडच्या लग्नाला कोण जाणार, हे सगळं त्या फोटोवर बेतलेलं असतं. म्हणूनच लागलेली लिस्ट मंगळवारी कुणाला न विचारता बदलली, तर बिघाड एका पाळीपुरता राहत नाही. ज्या गोष्टीच्या भरवशावर घर उभं होतं, ती गोष्टच डळमळते.

हे इतक्या बारकाईनं सांगते आहे त्याला कारण आहे. हल्ली रुग्णालयातल्या ताणाबद्दल बरंच बोललं जातं, आणि ते बोलणं चांगलंच आहे. पण त्याचा रोख सहसा कर्मचाऱ्याकडे असतो. तिनं श्वसनाचे प्रकार करावेत, सकारात्मक राहावं, वेळेचं नियोजन करावं. रात्रभर उभी राहिलेली मुलगी सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवून, निघते आणि तिला सांगितलं जातं की साडेदहाला सभागृहात ताणमुक्तीचं व्याख्यान आहे, हजेरी सक्तीची. तिला त्या घडीला झोप हवी असते. व्याख्यात्याचा हेतू कितीही चांगला असो, तिची दोन तासांची झोप आपण काढून घेतलेली असते.

बर्नआउट हा शब्द आता सर्रास वापरला जातो. तो या अर्थानं वैद्यकीय लिखाणात आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. हे न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ दिवसभर आपला व्यवसाय करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले स्वयंसेवक आले तेव्हा उत्साहानं भरलेले होते. हळूहळू ते चिडचिडे, कोरडे आणि थकलेले होत गेले, हे त्यांनी पाहिलं, आणि स्वतःमध्येही पाहिलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या क्रिस्तिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली. ती १९८१ साली प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर वापरली जाते. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या नव्या यादीत बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून घेतली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जी अवस्था येते ती ही, असं म्हटलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. बिघाड कुठे शोधायचा ते ती सांगते.

मास्लाकबाईंनी या अवस्थेचे तीन भाग सांगितले आहेत. मला ते पुस्तकात नंतर सापडले, वॉर्डात आधी दिसले होते. पहिला थकवा. साधा थकवा एका ऑफनं जातो, हा जात नाही. ऑफ घेऊन आलेली सिस्टर पहिल्या तासातच कालच्याइतकी दमलेली दिसते. दुसरा भाग कोरडेपणा. पेशंटला ‘सगुणाबाई’ म्हणून हाक मारणारी मुलगी ‘नऊ नंबर’ म्हणायला लागते. नातेवाईक काही विचारायला आला की वर न बघता उत्तर देते. तिसरा भाग कळायला सगळ्यात उशीर लागतो, कारण तो शांत असतो. ‘आपण काही केलं तरी काय फरक पडतो,’ असं तिला वाटू लागतं. ती काम सगळं करते, चार्ट नीट भरते, तक्रारीला जागा ठेवत नाही. फक्त पेशंट बरा होऊन घरी निघाला तर मान वर करून बघत नाही.

या कोरडेपणाबद्दल लोक आम्हाला फार बोलतात. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर तुसड्या असतात, हे मी लग्नकार्यातसुद्धा ऐकलेलं आहे. इझाबेल मेन्झीस नावाच्या मानसतज्ज्ञ बाईंनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातल्या नर्सेसचा अभ्यास केला होता. तिथल्या नर्सेसही पेशंटला खाटेच्या नंबरानं किंवा दुखणाऱ्या अवयवानं ओळखायच्या. बाईंना आढळलं की तिथली सगळी व्यवस्थाच तशी रचलेली होती. एकीनं सगळ्यांचं टेंपरेचर घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांना औषधं द्यायची, आणि कुणी एका पेशंटजवळ फार वेळ थांबायचं नाही. दुखणं आणि मरण रोज पाहावं लागतं, त्याची भीती अंगावर येऊ नये म्हणून रुग्णालयानं ही रीत नकळत घडवलेली होती. पण त्या रीतीनं भीती कमी झाली नाही. उलट माणसाजवळ बसल्यावर मिळणारं समाधान मात्र गेलं, आणि शिकायला आलेल्या कितीतरी मुली शिक्षण अर्धवट सोडून गेल्या. साठेक वर्षांपूर्वीचा हा अभ्यास वाचताना मला आमचाच वॉर्ड दिसत होता. तुसडेपणा हा त्या मुलीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा आधी तिच्या मागच्या दोन महिन्यांच्या लिस्टमध्ये शोधावा, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

एक रात्र सांगते. कपाशीवर फवारणी चालू असण्याचे दिवस. मेडिसिन वॉर्डात एकाच रात्री विषबाधेचे तीन पेशंट आले. दोघांना फवारताना बाधा झालेली, तिसऱ्यानं फवारणीचं औषधच घेतलेलं. ड्युटीवर चोविशीची एक सिस्टर, एक मावशी आणि बाकीचा भरलेला वॉर्ड. कीटकनाशकाच्या पेशंटची नर्सिंग काय असते ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. कपडे कापून काढायचे, अंग साबणानं धुवायचं. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाण्याचा आवाज. ॲट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक द्यायची आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी, बाहुल्या आणि छाती तपासून चार्टवर लिहायचं. ॲट्रोपिन कमी पडलं तर पेशंट स्वतःच्या स्रावात गुदमरतो. जास्त झालं तर त्याला भ्रम होतो, तो हवेत काहीतरी पकडायला लागतो, सलाइन उपटतो. मग त्याचे हात बँडेजनं खाटेला बांधावे लागतात आणि त्याची बायको हे बघत शेजारी उभी असते. त्या कपड्यांचा वास हाताला राहतो. दोनदा साबण लावला तरी जेवताना येतो.

तिसरा पेशंट पहाटे चारच्या सुमाराला गेला. ही वेळ शरीराच्या घड्याळातली सगळ्यात खालची. शरीराचं तापमान उतरलेलं असतं, लक्ष टिकत नाही, रडू लवकर येतं. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. बॉडी पॅक करणं, पोलिसांसाठीचे कागद, नातेवाइकांचा आक्रोश हे सगळं त्या मुलीनं आणि मावशींनी केलं, आणि मध्येच उरलेल्या दोघांच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदीही केल्या. त्या चार्टमधला एकही रकाना कोरा नव्हता. सकाळी तिनं मला ओव्हर दिली. आवाज अगदी सपाट. लिस्टप्रमाणे त्याच रात्री तिला परत नाइट होती.

अशा वेळी परिसेविकेच्या हातात काय असतं? तिच्या हातात लिस्ट असते. मी दुसऱ्या एका अनुभवी सिस्टरला फोन केला आणि तिच्या संमतीनं त्या रात्रीची अदलाबदल केली. मुलीला लगेच घरी न धाडता आधी चहा प्यायला बसवलं. मावशींनाही तिच्या शेजारी बसवलं, कारण रात्रभर त्या दोघीच एकमेकींना होत्या. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं मावशी म्हणाल्या, ‘त्याची बायको म्हणत होती, सकाळीच भांडण झालं होतं.’ मग मुलगी बोलायला लागली.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, ‘पंधरा दिवस इंजेक्शन रूमला जाशील का?’ हे विचारणं फार महत्त्वाचं आहे. न विचारता दुसरीकडे टाकलं की सगळ्या रुग्णालयात एकच अर्थ निघतो, की हिला झेपलं नाही म्हणून काढलं. मदत म्हणून केलेली बदली मग शिक्षा होऊन बसते. ती ‘नको, इथेच राहते, पण नाइट थोड्या उशिरा द्या’ म्हणाली. तसंच केलं.

लिस्ट नीट लिहायचे काही नियम आहेत आणि त्यांच्यामागे शास्त्र आहे. पाळ्या फिरवायच्या त्या पुढच्या दिशेनं, सकाळनंतर दुपार आणि दुपारनंतर रात्र. उलट्या दिशेनं फिरवल्या तर झोपेचं घड्याळ जुळायला जास्त त्रास होतो. दोन पाळ्यांत निदान अकरा तासांची विश्रांती हवी. युरोपात हा कायदाच आहे. आपल्याकडे इव्हिनिंग करून सुटलेली बाई ओव्हर, हिशेब, रिक्षा करत रात्री साडेदहाला घरी पोचते, स्वयंपाकघर आवरते आणि सकाळी साडेसातला परत मॉर्निंगला हजर असते. लिस्टवर ई आणि त्याच्या शेजारी एम, ही दोन अक्षरं दिसायला निरुपद्रवी आहेत. मी नव्या परिसेविकांना सांगायचे की ती जोडी जिथे दिसेल तिथे पेन्सिलीनं गोल करा, आणि अगदीच इलाज नसला तरच राहू द्या.

नाइट संपल्यावरचा पहिला दिवस म्हणजे ऑफ नव्हे, हेही अजून बऱ्याच ठिकाणी मान्य होत नाही. तो दिवस झोपेत जातो. ऑफ त्यानंतरचा.

जळीत कक्षाबद्दल माझा आग्रह सगळ्यांत जास्त होता. तिथलं ड्रेसिंग, तिथला वास, आणि त्याहून जास्त तिथल्या बायकांचे जबाब. जळालेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकारी येतात. डॉक्टर ती शुद्धीवर असल्याचं लिहून देतात. सिस्टर ड्रेसिंग ट्रॉली घेऊन आसपासच असते. स्टोव्हचा भडका उडाला, असं बाई सांगते. आदल्या रात्री तिनं सिस्टरला वेगळंच सांगितलेलं असतं. ‘माझी पोरं त्यांच्याकडंच राहणार आहेत, सिस्टर.’ हे ऐकलेली मुलगी घरी जाऊन कुणाशी काय बोलणार? तिथे तीन महिन्यांच्या वर कुणालाही तिच्या मर्जीशिवाय ठेवायचं नाही, आणि नव्यानं लागलेल्या मुलीची पहिली नेमणूक तिथे करायची नाही, हे मी सांभाळलं. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षालाही असाच नियम हवा. मात्र तिथे काही जणी स्वतःहून वर्षानुवर्षं राहतात आणि उत्तम राहतात. त्यांना हलवणं तितकंच चुकीचं.

पण कुणी विचारेल, लिस्टमध्ये नावंच कमी असतील तर? हा प्रश्न खरा आहे, आणि तिथे परिसेविकेचा हात थांबतो. भारतीय परिचर्या परिषदेचे मापदंड कितीतरी वर्षांपासून आहेत. शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांच्या जागी म्हणून तीस टक्के जादा. आपल्या जनरल वॉर्डात रात्री गेलेल्या कुणीही स्वतः मोजून पाहावं. पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि नर्सला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. हे दोन आकडे एकाच अभ्यासात शेजारी शेजारी आहेत. नर्सची काळजी आणि पेशंटची काळजी या दोन वेगळ्या मागण्या आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते जरूर वाचावेत. कॅलिफोर्निया राज्यानं १९९९ साली यासाठी कायदा केला आणि २००४पासून तो लागू झाला. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, हे तिथे कायदा सांगतो.

डॉक्टरांचं वेगळं नाही. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम सहसा करू नये, असं केंद्र सरकारनं १९९२ साली लिहून ठेवलं आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आपल्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, आठवड्याची एक सुटी आणि सात-आठ तासांची झोप सुचवली. बत्तीस वर्षांनी आलेली शिफारस आधीच्या नियमापेक्षा २६ तासांनी मोठी आहे, आणि तरीही ती अमलात आली तर आमच्या निवासी डॉक्टरांना दिलासाच वाटेल. छत्तीस तास जागा असलेला मुलगा ड्युटी रूममध्ये बुटांसकट आडवा झालेला असतो आणि आपण त्याला दार वाजवून उठवतो. तेव्हा आपण काय करतो आहोत ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

आता बोलण्याबद्दल. ‘मन मोकळं करा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. मोठा आघात झाल्याबरोबर सगळ्यांना एका खोलीत बसवून जे घडलं ते तपशीलवार बोलायला लावायची पद्धत एके काळी फार चालायची. अशा एकाच बैठकीनं पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो, असं पुढे पुराव्यांच्या आढाव्यात दिसलं. म्हणून सक्ती नको. शेजारी बसणारं कुणीतरी हवं, आणि बोलायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले एक परिचारक, जॉनथन बार्टल्स, यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. पेशंट दगावला की वाचवायची धडपड करणारे सगळे तिथेच थोडा वेळ शांत उभे राहतात. गेलेला माणूस कुणाचा तरी कुणी होता आणि आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, एवढंच म्हणायचं, थांबायचं आणि कामाला लागायचं. मी हे वाचलं तेव्हा आमच्या वॉर्डातले एक मामा आठवले. बॉडी न्यायच्या आधी ते स्ट्रेचरजवळ हात जोडून थांबायचे आणि तोवर कुणाला स्ट्रेचर हलवू द्यायचे नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बॉस्टनची. केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील फुप्फुसाच्या कर्करोगानं १९९५ साली चाळिशीतच वारले. आजारपणात त्यांनी एक लेख लिहिला. शस्त्रक्रियेआधी माहिती घेणारी एक नर्स सुरुवातीला अगदी कामापुरतं बोलत होती. यांना लहान मुलगा आहे हे कळल्यावर तिचा आवाज बदलला, तिनं यांचा हात हातात घेतला. औषधांनी जे दिलं नाही ते त्या स्पर्शानं दिलं, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या नावानं संस्था निघाली आणि १९९७पासून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात नियमित बैठका सुरू झाल्या. त्यांत आजाराची चर्चा होत नाही. तीन-चार जण एखाद्या पेशंटनं आपल्या मनावर काय केलं ते सांगतात, बाकीचे ऐकतात. सर्जन, नर्स, सफाईवाला सगळे एकाच खोलीत बसतात. उपाय कुणी सुचवत नाही. पुढे ब्रिटनमधल्या रुग्णालयांनीही ही पद्धत घेतली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ७४ डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. दर पंधरवड्याला एक तास छोट्या गटात बसून बोलायचं, आणि तो तास पगारी. नऊ महिन्यांनी त्यांच्यातला कोरडेपणा कमी झालेला दिसला. मला त्यातलं ‘पगारी’ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो तास लिस्टमध्ये लिहिलेला होता.

चुकीनंतरची मदत हा फार नाजूक भाग आहे. औषधात चूक झाली, पेशंटला इजा झाली, की आपल्याकडे त्या सिस्टरच्या हातात पहिला कागद पडतो तो मेमोचा. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली लिहिलं की अशा प्रसंगात पहिला बळी पेशंट असतो, आणि चूक झालेला कर्मचारी हा दुसरा. मिझुरी विद्यापीठाच्या रुग्णालयानं अशा माणसांसाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी केली. आधी त्याच वॉर्डातला सहकारी, मग शिकवून तयार केलेले इतर विभागांतले सहकारी, आणि लागली तर तज्ज्ञांची मदत. आपल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात पहिली पायरी उद्या सुरू करता येईल, एक पैसा लागणार नाही. चौकशी व्हायलाच हवी. पेशंटच्या घरच्यांना खरं सांगायलाच हवं. पण त्या सिस्टरची उरलेली पाळी दुसरीनं घ्यावी, तिला एकटीला घरी जाऊ देऊ नये, आणि रात्री कुणीतरी फोन करावा. हात थरथरत असताना तिला पुढच्या सहा पेशंटांची इंजेक्शनं भरायला लावणं पेशंटांसाठीही धोक्याचं आहे.

मारहाणीनंतरही हेच. डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. गुन्हा नोंदवायला रुग्णालयानं स्वतः जायचं असतं. ज्या पोरीच्या कानाखाली बसली तिलाच दुपारी पोलीस ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं, तर पुढच्या वेळी ती तक्रार करणार नाही.

काही वेळा मात्र लिस्ट, चहा, सहकारी यांनी भागत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या, ‘मी नसते तर बरं’ असं बोलणं आलं, तर ती थकव्याच्या पलीकडची गोष्ट आहे आणि तिला उपचार हवेत. रुग्णालयातल्या लोकांना औषधं हाताशी असतात, म्हणून वाट बघत बसू नये. अडचण अशी की आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढायला कुणी धजत नाही. रांगेत उभं राहिलं की दहा मिनिटांत सगळ्या वॉर्डांना कळतं. त्यासाठी टेली मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२मध्ये ती सुरू झाली. हा नंबर प्रत्येक चेंजिंग रूमच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवावा. आतल्या बाजूनं अशासाठी, की लिहून घेताना कुणी बघत नाही.

आता या सगळ्यातून जे सुटतात त्यांच्याविषयी. मी लिस्टचं इतकं महत्त्व सांगितलं, पण हल्ली वॉर्डातल्या कितीतरी जणांची नावं परिसेविकेच्या लिस्टवर नसतातच. सफाई करणाऱ्या बायका, ट्रॉली ओढणारी मुलं, सुरक्षा रक्षक ठेकेदाराकडून येतात. त्यांचा हजेरीपट ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे असतो. रक्तानं भरलेली फरशी पुसते ती हीच बाई, बॉडी शवागारात नेतो तो हाच मुलगा, चिडलेल्या जमावासमोर पहिला उभा राहतो तो हाच रक्षक. विषबाधेच्या त्या रात्रीसारखी रात्र यांच्यातल्या एखादीच्या वाट्याला आली, तर परिसेविका तिची पाळी बदलू शकत नाही. चहाला बसवलं तर तिचा अर्धा तास कापला जातो, आणि मागच्या महिन्याचा पगार तिला अजून मिळालेला नसतो. निवृत्त व्हायच्या आधी एका बैठकीत मी एवढंच मागितलं होतं की पुढच्या वर्षीच्या ठेक्याच्या करारात दोन ओळी घाला. सलग दोन पाळ्या लावायच्या नाहीत, आणि वॉर्डात मृत्यू किंवा मारहाण झाल्यावर इन्चार्ज सिस्टरनं थांबवून घेतलेला वेळ कामाचाच धरायचा. टिपण घेतलं गेलं. करार दर वर्षी नव्यानं होतो, म्हणून मी आजही तिथल्या परिसेविकांना निविदा निघायच्या आधी फोन करते आणि त्या दोन ओळींचं काय झालं ते विचारते.